एका वर्षाची बेरीज

वाचकहो, या सदरात आजवर तुमच्या तक्रारींबद्दल लिहिले. आज अशा एका रुग्णाची हकीकत सांगतो, ज्याने डॉक्टरकडे जायला फार टाळाटाळ केली. तो रुग्ण म्हणजे मी.

गेल्या वर्षी आषाढात १९ वर्षांची सरकारी नोकरी सोडली. बाळंतपणे, सर्पदंश, रात्री-अपरात्री येणारे अपघात यांची सवय झालेला माणूस नगरला मित्राच्या दवाखान्यात येऊन बसला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एसटीत बसल्यावर तोंडात नगरच येते.) पगार थांबला, मुलीची फी थांबली नाही. निर्णय माझाच होता, त्यामुळे कुरकुर करायचीही सोय नव्हती.

कार्तिकात थोरले बंधू गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. वडील लवकर गेल्याने पारनेर तालुक्यातली कोरडवाहू जमीन आणि माझे शिक्षण, दोन्ही त्यांनीच ओढले. जाण्याच्या तीन दिवस आधी त्यांचा फोन आला होता. कांदा लावणी चालू आहे, छातीत जळजळते, चालताना जास्त वाटते, असे म्हणाले. माझ्यासमोर रांग होती. मी म्हणालो, "अण्णा, ॲसिडिटी असेल. जेवणानंतर एक गोळी घ्या, रविवारी आलो की बघू." शुक्रवारी वावरातच गेले. चालताना वाढणारी आणि बसल्यावर थांबणारी जळजळ ही हृदयाची असू शकते, लगेच कार्डिओग्राम काढा, हे मी याच सदरात दोनदा लिहिले होते.

दहावा, तेरावा झाला. पंधराव्या दिवशी मी दवाखान्यात हजर. लोक म्हणाले, डॉक्टर खंबीर आहेत. मलाही तसेच वाटले. पुढच्या चार महिन्यांत वजन सहा किलो उतरले, ते नव्या कामाच्या धावपळीने असे मी ठरवले. पहाटे तीनला जाग येई आणि "रविवारी बघू" हे शब्द कानात वाजत. उठून चहा करी. दिवसाला दोन कप पिणारा मी आठ-नऊ कपांवर गेलो. चैत्रात आमच्या सिस्टरने एका दुपारी न विचारता माझ्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १६८/१०४ निघाला. त्या म्हणाल्या, "सर, हा पेशंट असता तर तुम्ही त्याला रागावला असता."

त्या रात्री एक जुना तक्ता काढला. टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी तो १९६७ साली प्रसिद्ध केला. आयुष्यातल्या ४३ घटनांना त्यात गुण दिले आहेत. जोडीदाराचा मृत्यू १००, घरच्या जवळच्या माणसाचा मृत्यू ६३, आर्थिक स्थितीतील बदल ३८, कामाचे क्षेत्र बदलणे ३६, घर बदलणे २०. गंमत म्हणजे लग्नालाही ५० आहेत. वर्षभरातल्या घटनांची बेरीज करायची. दीडशेच्या पुढे आजारपणाचा संभव वाढतो, तीनशेच्या पुढे तो बराच वाढतो, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडेही १९८४ साली भारतीय जीवनाला धरून ५१ घटनांचा असा तक्ता तयार झाला. मी होम्स-राहेंचा धरला. ६३, ३८, ३६, घर २०, कामाच्या वेळा २०, झोप १६, जेवण १५. बेरीज २०८.

हा तक्ता म्हणजे काही कुंडली नव्हे. तीच घटना एकाला मोडते, दुसऱ्याला चरा पाडून जाते. पण एक गोष्ट त्याने मला दाखवली. अण्णांचे जाणे आणि नोकरी सोडणे ही दोन दुःखे मी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली होती. शरीराने मात्र दोन्ही एकाच वहीत मांडली. ब्रिटनमध्ये १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंचावन्न वर्षांपुढील ४,४८६ विधुरांची नोंद होती. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले, आणि त्यांत हृदयविकाराचे बरेच होते.

आपल्या गावातलेच एक मोठे उदाहरण आहे. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद यांना ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडून आपल्या भुईकोट किल्ल्यात आणले. हातातले सगळे काम एका दिवसात सुटले. कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारकडे काही विनंती करायची नाही, हे मौलानांनी ठरवले होते. ९ एप्रिल १९४३ रोजी त्या गेल्या. तीनच महिन्यांनी भोपाळला बहीणही गेली. मौलानांनी आपला दिनक्रम जराही ढळू दिला नाही. 'गुबार-ए-खातिर' या पत्रसंग्रहात मात्र त्यांनी कबूल केले आहे की वरून आपण सावरलो, आतून कदाचित नाही. आत्मकथनात त्यांनी वजनाचेही आकडे दिले आहेत. अटकेच्या वेळी १७० पौंड, नगरहून हलवले तेव्हा १३०. म्हणजे सुमारे १८ किलोंची घट. जवळजवळ पावणेतीन वर्षांच्या कैदेत याला इतरही कारणे असतील. पण भूक मेली होती, हे त्यांनीच लिहिले आहे. इतक्या धीराच्या माणसाची ही गत, तर आपण कोण?

माणूस गेला की आपल्याकडे दारात चपलांचा ढीग लागतो. भावकी डबे आणते, पहिल्या सणाला पाहुणे येऊन जेवू घालतात, वर्षभर कोणी लग्नकार्याचा आग्रह धरत नाही. ही व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे. मी तिच्यातून पंधराव्या दिवशी पळालो. आणि नोकरी सुटल्यावर तर अशी काही व्यवस्थाच नाही. कंपनी बंद पडली, कारखान्यातून कमी केले, तर लोक फक्त विचारतात, "मग आता पुढे काय?"

पुढे मी काय केले ते सांगतो. एका फिजिशियनकडे रीतसर केस पेपर काढून गेलो. रक्तदाबाची गोळी चालू झाली, चहा तीन कपांवर आला, पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळण्याऐवजी उजाडल्यावर भिंगार नाल्याच्या बाजूने फिरू लागलो. झोपेची गोळी मागितली होती, त्यांनी दिली नाही, बरे केले. सर्वांत अवघड काम वैशाखात केले. गावी जाऊन वहिनींना त्या फोनबद्दल सांगितले. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी तर त्यांना लिंबू-सोडा दिला होता." आम्ही दोघेही त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.

तुमच्या घरी असे वर्ष चालू असेल तर वजन, झोप, दारू-तंबाखू आणि रक्तदाब-साखर यांवर दुसऱ्या कोणाची तरी नजर असू द्या. स्वतःला ते दिसत नाही. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, रोजची कामे होत नसतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आता त्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे वाटू लागले तर दिवस मोजत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

माझा रक्तदाब गेल्या आठवड्यात १३४/८६ होता. अण्णांचे वर्षश्राद्ध येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी मी गावी असेन. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या आहेत त्यांनी सोमवारीच येऊन जावे.