गड उतरणारे बूट

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव उगवते, बुरुजावर मावळे बसतात; आणि भाऊबीज उरकली की घरातली मुले खऱ्या किल्ल्याचा हट्ट धरतात. नाशिककरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. दिंडोरीच्या वाटेवर रामशेज आहे, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी आहे, त्याच्या पलीकडे हरिहर आहे. आणि हौस दांडगी असेल तर बागलाणात १५६७ मीटर उंचीचा साल्हेर आहे, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. मग बेत ठरतो. डब्यात दशम्या न्याव्यात की पुऱ्या यावर तासभर खल होतो. पायांत काय घालायचे याचा विचार मात्र निघण्याच्या दिवशी पहाटे, दाराशी बसून होतो! धाकट्याचे शाळेचे कॅनव्हासचे बूट, थोरल्याचे पळण्याचे मऊ बूट आणि वडिलांचे माळ्यावरून काढलेले पाच वर्षांपूर्वीचे जाडजूड बूट, अशी ही सेना गडाकडे कूच करते.

या सेनेचे काय होते हे चढताना कळत नाही. चढणीवर माणूस दमतो, घामाघूम होतो, पण पाय बहुधा शाबूत राहतात. बुटांची खरी परीक्षा उतरणीवर. चढताना पाऊल बुटात टाचेकडे रेलते. उतरताना सारे वजन पुढे येते आणि बोटे बुटाच्या नाकावर आदळू लागतात. एक नव्हे, दोन नव्हे, हजारो पावले. घरी येऊन मोजे काढले की अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले दिसते, आणि पुढे काही आठवड्यांनी ते गळून पडते. तेव्हा बूट घ्यायचे ते चढण्यासाठी नव्हे, उतरण्यासाठी.

दुकानात याची पारख सोपी आहे. सकाळी जाऊ नये, संध्याकाळी जावे. दिवसभरच्या उभे राहण्याने पाऊल थोडे फुगलेले असते आणि गडावरही ते फुगणारच असते. गडावर घालायचे मोजे घरूनच न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून पाहावेत, कारण पुष्कळांचे एक पाऊल दुसऱ्याहून किंचित मोठे असते, आणि माप मोठ्या पावलाचे धरायचे असते. मग नाडी बांधण्याआधी पाऊल पुढे सरकवून टाचेमागे एक बोट जाते का ते पाहावे. आता नाडी बांधावी आणि दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात. बोटे पुढे टेकली तर तो बूट कितीही देखणा असला तरी परत द्यावा. टाच आत वरखाली होत असेल तरीही द्यावा, कारण फोड तिथेच येतात. दुकानदार ‘वापरून सैल पडेल’ म्हणतो. चामडे थोडेफार रुंद होते हे खरे, पण लांबी काही वाढत नाही.

बुटाचा पुढचा भाग ऐसपैस असावा. निरगुडपाड्याचा एखादा म्हातारबा वहाणा हातात घेऊन हरिहरच्या पायऱ्या तुरुतुरु चढताना दिसतो आणि शहरी मंडळी अचंबा करतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला कित्येकजण अनवाणीच चालतात. जन्मभर मोकळ्या राहिलेल्या पावलाची बोटे पंख्यासारखी फाकतात आणि दगड धरतात. आपली बोटे लहानपणापासून शाळेच्या बुटात कोंबलेली. म्हणून त्या म्हातारबांची नक्कल करून अनवाणी निघू नये. बोटांना हलायला जागा तेवढी द्यावी.

टाच बांधून ठेवण्याची ही विद्या दूरच्या लोकांनाही उतरणीनेच शिकवली. नॉर्वेत बर्फावर लाकडी पट्ट्या पायांना बांधून चालतात. पूर्वी चवडा तेवढा वादीने बांधलेला असे. सपाटीवर ते पुरत असे, पण उतारावर पट्टी पायाखाली वळू लागे. एकोणिसाव्या शतकात मोर्गेदालच्या सोंद्रे नुर्हाइमने वाळुंजाच्या पिळलेल्या फांद्यांचा वेढा टाचेभोवती दिला. टाच उचलता येई, पण पाऊल भरकटेनासे झाले. आपल्या नाडीचे कामही हेच. चढताना घोट्याकडे ती थोडी सैल ठेवावी, म्हणजे पाय मोकळा वाकतो. गडावरून निघण्यापूर्वी मात्र ती सोडून, टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी आणि पावलाच्या उंचवट्यावर दुहेरी पीळ देऊन घट्ट बांधावी. दुहेरी पिळाने खालची नाडी ढिली पडत नाही.

तळाच्या रबराचा विषय आपल्याला किरकोळ वाटतो, पण त्यामागे सहा माणसांचे मरण आहे. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर मिलानच्या गिर्यारोहकांची एक तुकडी वादळात सापडली. कातळावर चढण्यासाठी त्यांनी पातळ मऊ तळाचे बूट घातले होते. कातळावर ते उत्तम, बर्फात निरुपयोगी. सहाजण दगावले. तुकडीतल्या विताले ब्रामानी याने त्यानंतर ध्यास घेतला आणि पिरेल्ली कंपनीच्या मदतीने १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. ‘व्हिब्राम’ हे त्याचे नाव ब्रामानीच्या नावातूनच आले. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर झाले ते असेच तळ घालून.

आपला सह्याद्री बर्फाचा नाही, बेसॉल्टचा आहे, आणि तो ऋतूप्रमाणे रूप पालटतो. पावसाळ्यात शेवाळलेला ओला कातळ. तिथे जरा मऊ, चिकटून राहणारे रबर हवे, तरीही शेवाळावर कोणत्याही तळाचा भरवसा धरू नये. दिवाळीनंतर वाळलेले गवत आणि मुरमाड घसारा. तिथे खाचा खोल हव्यात. झिजून गुळगुळीत झालेले बूट याच दिवसांत दगा देतात. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर, जिथे हातांसाठी खोबणी कोरल्या आहेत आणि माणसे कातळाकडे तोंड करून उतरतात, तिथे चवड्याची कड ताठ असावी. सारे शरीर त्या चार बोटे रुंद कडेवर उभे असते. पळण्याच्या बुटाची कड तिथे दुमडते.

पाणी आत येऊ न देणाऱ्या महागड्या बुटांचा मोह पुष्कळांना होतो. आमच्या मते नाशिक-इगतपुरीच्या पावसाला ते कामाचे नाहीत. पाणी वरून, घोट्याकडून आत येते आणि आतच राहते. त्यापेक्षा लवकर निथळणारे बरे. मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवते आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

आता माळ्यावरच्या त्या जुन्या बुटांविषयी, कारण घरोघरी काटकसर आड येते. आजच्या पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा हलका फेसाळ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू विरघळल्यासारखा होतो, आणि गंमत अशी की न वापरता ठेवलेल्या बुटातही हे घडते. वरून बूट नवा कोरा! गडावर मात्र तळ जिभेसारखा लोंबू लागतो, आणि तोही बहुधा अडचणीच्या जागी. निघण्याच्या आठवडाभर आधी असे बूट हातांनी वाकवून, टाचेत अंगठा दाबून पाहावेत. भुगा पडला की समजावे. नवे घेतले असतील तर पांडवलेण्यांच्या नाहीतर चामरलेण्यांच्या पायऱ्या दोन-तीनदा चढून-उतरून घ्याव्यात. आणि कोणाचेही बूट कसेही असोत, पिशवीत चार हात सुतळी असू द्यावी. सुटलेला तळ तिने पायथ्यापर्यंत निभावतो.

मुलांचे बूट ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून दोन मापे मोठे घेऊ नयेत. सैल बुटात मूल उतरणीला धडपडते आणि मोठ्यांचा ओरडा खाते. गडावर डबा खाऊन झाला की निघण्यापूर्वी सगळ्यांनी रांगेत बसून नाड्या सोडाव्यात आणि नव्याने बांधाव्यात. धाकट्यांच्या मोठ्यांनी बांधून द्याव्यात. बेसनाचे लाडू त्या वेळेसाठी राखून ठेवावेत, नाहीतर मुले बसायची नाहीत.