फळे घालून चिया पुडिंग: रात्री भिजवा, सकाळी उपाशी निघू नका

जुलैमध्ये धानाची रोवणी लागली की मोहाडी आणि आसपासच्या गावांतल्या बाया भल्या सकाळी बांधीत उतरतात. घरातली मुले भंडारा किंवा तुमसरची एसटी गाठायला निघतात. या घाईत डबा होतो, चहा होतो, नाश्ता मात्र राहून जातो. निरोगी माणसाचे एखाद्या दिवशी यात फारसे बिघडत नाही. पण मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी कष्टाचे काम केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो.

अशा घरांसाठी रात्रीच तयार करून ठेवता येणारा नाश्ता सोयीचा ठरतो. चिया पुडिंग हा त्यातला एक सोपा प्रकार आहे. तो नीट कसा करायचा, किती खायचा आणि कोणी सांभाळून खायचा, ते पाहू.

चिया म्हणजे सब्जा नव्हे

दोन्ही बिया पाण्यात फुगतात, त्यामुळे अनेकांची गल्लत होते. सब्जा एकसारखा काळा असतो आणि काही मिनिटांतच फुगतो. चियाच्या बिया करड्या-तपकिरी, ठिपकेदार असतात, त्यात काही पांढऱ्याही दिसतात. चिया मूळची मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडची. आता विदर्भातच वाशिम जिल्ह्यातले शेतकरी तिचे पीक घेऊ लागले आहेत.

त्यातून काय मिळते?

मोठे २ चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम चियामधून साधारण एवढे मिळते:

- तंतुमय पदार्थ: ८ ते ९ ग्रॅम
- प्रथिने: ४ ग्रॅम
- कॅल्शियम: १५० मिलिग्रॅम
- ऊर्जा: १२० कॅलरी

२,००० कॅलरीच्या आहारात दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत. म्हणजे पाव वाटा एका वाटीतच मिळतो. भिजल्यावर बियांभोवती जो बुळबुळीत थर तयार होतो, तोही तंतुमय पदार्थच असतो. त्यामुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते, साखर हळू वाढते आणि भूक उशिरा लागते. शौचाला साफ होण्यासही मदत होते.

चियामध्ये वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असते. मात्र माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये त्याचे रूपांतर शरीरात फार थोडे होते. चिया खाल्ल्याने मधुमेह बरा होतो किंवा वजन आपोआप उतरते, असे समजू नका.

साहित्य (एका व्यक्तीसाठी)

- चिया: मोठे २ चमचे
- उकळून थंड केलेले दूध: २०० मिली (साधारण एक कप)
- ताजे फळ: चिरून अर्धी ते पाऊण वाटी
- भाजलेले शेंगदाणे: मूठभर
- चवीला वेलची पूड

कृती

१. झाकणाच्या स्वच्छ, कोरड्या डब्यात दूध घ्या, त्यात चिया घालून ढवळा.
२. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा. ही पायरी टाळली तर बियांच्या गाठी होतात आणि मधल्या बिया कोरड्या राहतात.
३. झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.
४. सकाळी फळ आणि शेंगदाणे घालून खा. फार घट्ट वाटले तर थोडे दूध घाला.

साखर, गूळ किंवा मध घालायची गरज नाही. पिकलेल्या केळ्याचा गोडवा पुरतो. दूध पचत नसेल तर दही पाण्यात पातळ करून वापरा.

कोणते फळ, केव्हा घालायचे?

फळ शक्यतो सकाळीच घाला. अननस आणि पपईतील पाचकद्रव्ये दुधातील प्रथिने तोडतात. रात्रभर ठेवल्यास पुडिंग कडवट आणि पातळ होऊ शकते. संत्र्याच्या आंबटपणाने दूध फाटते, म्हणून संत्र्याच्या फोडी खातानाच वरून घाला.

त्या त्या हंगामात मिळणारे फळ चांगले. थंडीत पेरू उत्तम. त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा बरेच जास्त असते. मधुमेह असेल तर पेरू किंवा पपई निवडा. आंबा, चिकू, सीताफळ घ्यायचे असेल तर दोन-तीन फोडींवर थांबा.

फ्रिज नसेल, किंवा वीज गेली तर?

दुधाचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर ही मर्यादा एका तासाची. त्यामुळे पुडिंग डब्यात भरून शेतावर दुपारसाठी नेऊ नका.

झाकलेल्या फ्रिजमध्ये ते दोन दिवस टिकते. वीज गेल्यावर दार उघडले नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर पुडिंग टाकून द्या. वास चांगला आहे म्हणून खाऊ नका, कारण जंतू वाढले तरी वास बदलतोच असे नाही.

फ्रिज नसेल तर उठल्याबरोबर दुधात चिया भिजवा. अर्ध्या तासात खाण्याजोगे होते.

कष्टाचे काम असेल तर एवढे पुरेल का?

दूध, चिया आणि फळ मिळून साधारण ३०० कॅलरी होतात. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला त्या चालतील. दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला त्या कमी पडतात. म्हणून शेंगदाणे घाला आणि सोबत एखादी पोळी किंवा भाकर खा.

कोणी काळजी घ्यावी?

- कोरडी चिया कधीही गिळू नका. चमचाभर कोरड्या बियांवर पाणी प्यायल्याने त्या अन्ननलिकेत फुगून अडकल्याची घटना अमेरिकेत नोंदली गेली आहे. लकव्यानंतर किंवा इतर कारणाने गिळायला त्रास होत असेल तर चिया टाळा.
- पहिल्यांदाच खात असाल तर एका चमच्याने सुरुवात करा आणि दिवसभर पुरेसे पाणी प्या. एकदम जास्त खाल्ल्यास पोट फुगते.
- थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या आणि किमान अर्धा ते एक तासाने नाश्ता करा.
- लोहाची गोळी दुधासोबत घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते. पुडिंग सकाळी खात असाल तर गोळी दुसऱ्या वेळी घ्या. गरोदर महिलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.
- मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

साखर उतरली तर चिया नको

घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकदम भूक लागणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. शेतात ती उन्हाची किंवा थकव्याची समजून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी पुडिंग देऊ नका. त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर जेवण द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालयात न्या.

चिया नसेल तर

चिया मिळाली नाही किंवा महाग वाटली तर अडून बसू नका. धानाच्या बांधीत घेतले जाणारे जवसही वनस्पतीजन्य ओमेगा-३ देते. जवस भाजून कुटून घ्या, अख्खे दाणे बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतात. दही-पोहे, फळ आणि वरून चमचाभर जवसाची पूड हा नाश्ताही पाच मिनिटांत होतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने यातले काहीतरी खाल्ल्याशिवाय कामाला लागू नये.