आरोपी झायगोग्रामा

पोळ्याच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही नव्या ले-आऊटमध्ये चक्कर मारा. रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत पांढरं फुलून माजलेलं असतं आणि कडेला थोडा तरोटा तग धरून असतो. या दोघांच्या झटापटीचा मला जुना नाद आहे.

इंग्लंडात 1876 साली हौसेनं अमेरिकी करड्या खारी सोडल्या आणि तिथली तांबडी खार मागे हटत गेली. आपली करडी खार म्हणजे हे गाजरगवत.

ते पीएल-480 या अमेरिकी धान्य-करारातल्या गव्हातून आलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये आणि पुण्यात हे झाड दिसलं 1955 साली. आर. एस. राव यांचं त्यावरचं टिपण 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं. 1951 साली कर्जाऊ आलेल्या अमेरिकी गव्हावर संशय घ्यायला जागा आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1814 च्या यादीतही हे नाव सापडतं! एकट्या पीएल-480ला फाशी देणं मला तरी पटत नाही.

खरा खटला पुढचा आहे. 1983 मध्ये बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा आणला आणि चाचण्या घेऊन पुढच्या वर्षी बाहेर सोडला. लांबी जेमतेम 6 मिलिमीटर, मळकट पांढऱ्या पाठीवर नागमोडी तपकिरी पट्टे. मादी पानाखाली अंडी घालते, पिवळट अळ्या कोवळे शेंडे फस्त करतात, आणि भर पावसाळ्यात झाडाचा नुसता खराटा उरतो.

नव्वदीच्या सुरुवातीला हाच भुंगा कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर सापडला. शेतकरी खवळले, चौकशी समिती बसली, नवे भुंगे सोडणं काही वर्षं थांबलं. परदेशी तण मारायला परदेशी किडा आणणाऱ्यांना टीकाकारांनी धारेवर धरलं, आणि ती भीती निराधार नव्हती.

भुंगा सूर्यफुलावर का गेला हे शोधणारा कीटकशास्त्रज्ञ के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 चा शोधनिबंध मला या साऱ्या प्रकरणातला सर्वात सुंदर कागद वाटतो. गाजरगवत बांधावर फुललेलं असलं की त्याचे परागकण शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर पडतात. भुंग्याला त्या परागांची चव ओळखीची, म्हणून तो पान कुरतडतो. म्हणजे शेतात हात गाजरगवताचा आणि आरोप भुंग्यावर.

भुंगा निर्दोष, पण एकटा पुरा पडणारा नाही. पाऊस सरला की तो जमिनीत जाऊन झोपतो आणि गाजरगवत ओल मिळेल तिथे बारा महिने उगवतं. एकेका झाडाला हजारोंनी बी. इथे गरज तरोट्याची. तो दाट उगवला की गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय हाच उपाय सुचवतं. आपण मात्र सरसकट तणनाशक मारून तरोटाही जाळतो आणि मोकळी जमीन पुन्हा गाजरगवताच्या हवाली करतो.

पावसाळा सरला की तरोट्याच्या शेंगा वाळतात. बी गोळा करून ठेवा आणि मृगाआधी शेजारच्या प्लॉटवर फेका. गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा. त्यावर पट्टेरी भुंगे दिसले, तर मात्र ते तसंच राहू द्या, फवारणी करू नका.