पर्यायी मेल सर्व्हर ठेवताना
संस्थेचा मेल सर्व्हर रात्रभर बंद पडला, तर त्या वेळात आलेले मेल हरवतात का? सहसा नाही. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निदान ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत, असे २००८ च्या आरएफसी ५३२१ या प्रमाण नियमावलीत म्हटले आहे.

तरीही दुसरा सर्व्हर हवाच असेल, तर डोमेनच्या डीएनएसमध्ये दोन एमएक्स नोंदी करतात. मुख्य सर्व्हरला समजा १० हा आकडा, पर्यायीला २०. लहान आकड्याला पहिला मान. तिथून उत्तर आले नाही, की मेल दुसऱ्याकडे जातो आणि मुख्य सर्व्हर सुरू होताच त्याच्याकडे पोचवला जातो.

खरी गोम पुढेच आहे. स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोठ्या आकड्याचे दार ठोठावतात, कारण तिथला पहारा बहुधा ढिला असतो. म्हणून पर्यायी सर्व्हरवरही तोच स्पॅम फिल्टर आणि वैध पत्त्यांची तीच यादी हवी. यादी नसेल तर तो वाटेल त्या नावाचा मेल स्वीकारतो, मुख्य सर्व्हर नाकारतो, आणि नकाराचे निरोप ज्यांचा पत्ता चोरून वापरला त्या निरपराध माणसांच्या माथी पडतात. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच इंटरनेट जोडणीवर ठेवणे हा तर निव्वळ फुकटचा खर्च. एवढी निगा जमणार नसेल, तर पर्यायी सर्व्हर न ठेवलेलाच बरा.