गिधाडे गेली, प्रश्न राहिला

१९८०च्या दशकात भारतात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने होती. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर थोड्याच वेळात हाडांपर्यंत साफ व्हायचे आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांमागे जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांमध्ये ही घट सुमारे ९७ टक्के होती. त्यांची कुणी शिकार केली नव्हती, त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता. दुखऱ्या गाई-बैलांना आराम पडावा म्हणून दिलेल्या एका स्वस्त इंजेक्शनाने त्यांचा जीव घेतला. गेल्या तीन दशकांचा मागोवा घेताना ‘चूक कुणाची’ यापेक्षा दुसराच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एखादे औषध सुरक्षित आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कुणासाठी सुरक्षित आहे हे तपासतो का? पशुवैद्यकीय औषधाची तपासणी आपल्याकडे रुग्ण जनावरापाशी थांबत आली. ते जनावर मेल्यावर त्याला कोण खाणार, हे तपासणे कुणाचेच काम नव्हते. माझ्या मते या अनर्थाचे मूळ तिथे आहे.

धोक्याची पहिली खूण राजस्थानातल्या भरतपूरला दिसली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. १९९६-९७मध्ये ती निम्म्याहून कमी भरली आणि पुढच्या काही वर्षांत तिथे एकही जोडी उरली नाही. पक्षी फांदीवर मान खाली टाकून दिवसेंदिवस बसून राहत आणि मग खाली कोसळत. सुरुवातीला संशय विषाणूवर गेला आणि तो वावगा नव्हता, कारण एवढ्या मोठ्या प्रदेशात एकाच वेळी पसरणारे मरण पाहिले की साथच आठवते. कीटकनाशके, घटते अन्न, तुटलेली मोठी झाडे याही शक्यता पुढे आल्या. अन्न घटल्याचे कारण मात्र टिकणारे नव्हते. गिधाडे कमी होत होती तसतशी गावाबाहेर न खाल्लेली ढोरे जास्त दिवस कुजत पडत होती.

उत्तर मिळाले पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मेलेली गिधाडे उघडून पाहिली. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला होता. मूत्रपिंड निकामी झाले की युरिक आम्ल रक्तातून बाहेर पडू शकत नाही आणि त्याचे स्फटिक अवयवांवर जमतात. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत हाच प्रकार होता. विषाणू सापडला नाही. मग ढोरांना दिल्या जाणाऱ्या औषधांकडे लक्ष वळले. असा थर असलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली तर सर्वच्या सर्व २५ मध्ये डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघाले. वेगळ्या कारणाने मेलेल्या १३ पक्ष्यांत ते एकातही नव्हते. हे औषध टोचलेल्या जनावरांचे मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना दिल्यावर तीही त्याच लक्षणांनी मेली. हा अभ्यास २००४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. तोवर भारतीय उपखंडातली बहुतेक गिधाडे गेलेली होती.

यावर एक स्वाभाविक शंका निघते. मरणाआधी थोडेच दिवस इंजेक्शन घेतलेली जनावरे अशी किती असणार? तेवढ्याने कोट्यवधी पक्षी कसे मरतील? या शंकेला आकड्यांनीच उत्तर दिले आहे. संशोधकांच्या गणितानुसार दर १३० मृत जनावरांमागे एकात, किंवा त्याहूनही कमी प्रमाणात, घातक मात्रा असेल तरी दिसलेली घट घडायला तेवढे पुरेसे होते. नंतर भारतभरातून गोळा केलेल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के जनावरांच्या शरीरात हे औषध सापडले. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एका विषारी ढोरावर डझनावारी पक्षी एकदम मरतात. जगण्यासाठी एका पक्ष्याला वर्षभरात अशा कितीतरी ढोरांवर उतरावे लागते, म्हणजे आज वाचला तरी पुढच्या महिन्यात तो सापडतोच. त्यात मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. असे पक्षी दीर्घायुष्याच्या भरवशावर टिकतात. मोठ्या पक्ष्यांच्या मरणाचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी ती तूट जन्मांनी भरून निघत नाही.

पुढचा आक्षेप जास्त टोकदार आहे: एक पक्षी गेला, त्याने माणसाचे काय बिघडले? मुंबईतल्या पारशी समाजाला याचे उत्तर लवकर मिळाले. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची रीत पक्ष्यांअभावी अडली आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. बाकी देशाने किंमत मोजली ती न कळत. उघड्यावर कुजणाऱ्या मांसावर भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर चावे आणि रेबीजचा धोका वाढला. सडलेल्या ढोरांनी पाणी दूषित केले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या जिल्ह्यांची तुलना कमी असलेल्या जिल्ह्यांशी केली. २०२४मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार गिधाडांच्या जिल्ह्यांत मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, मृत्यूच्या दाखल्यांवर ‘गिधाडे नसल्यामुळे’ असे कुणी लिहिलेले नाही, हे मान्यच आहे. पण दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांत फरक पडतो तो डायक्लोफेनॅक स्वस्त झाल्यानंतर. हा आकडा निम्म्यावर आणला तरी उरणारी संख्या कोणत्याही सरकारची झोप उडवायला हवी.

मग शेतकऱ्याने काय करायचे? म्हातारा बैल पाय ओढत चालतो, गाईच्या कासेला सूज येते. त्यांच्या वेदना कमी करणे हे करुणेचेच काम आहे आणि गिधाडांसाठी जनावरांना तळमळत ठेवा असे कुणी म्हणू शकणार नाही. सुदैवाने तशी निवड करायची वेळच नाही. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक ढोरांना लागू पडते आणि गिधाडांना अपाय करत नाही, हे २००६मध्येच सिद्ध झाले. त्याच वर्षी भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पाकिस्तान आणि नेपाळनेही तेच केले. बंदीचा उपयोग झाला, घसरणीचा वेग मंदावला. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या आणि २०१५मध्ये माणसांच्या इंजेक्शनाची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली.

बंदीने काम झाले, आता हा विषय संपला, असे मात्र म्हणता येणार नाही. डायक्लोफेनॅकच्या जागी त्याचीच भावंडे आली. किटोप्रोफेन गिधाडांना मारते. ॲसिक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. या दोन्हींवर भारतात बंदी आली ती २०२३मध्ये, म्हणजे पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षांनी. याच गटातल्या निमेसुलाइडवरची बंदी २०२४च्या अखेरीस आली. स्पेनने तर भारताचा सगळा अनुभव समोर असताना २०१३मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापराला परवानगी दिली आणि पुढे तिथे एक काळे गिधाड याच औषधाने मेल्याचे सिद्ध झाले. हा क्रम पाहिला की दोष एका औषधाचा नव्हे, पद्धतीचा आहे हे कळते. आज आधी औषध विकले जाते, मग पक्षी मरतात, मग पुरावा गोळा होतो, मग बंदी येते. सिद्ध करण्याचा भार नेहमी मेलेल्या पक्ष्यांवर पडतो.

हा क्रम उलटवायला हवा. गाई-म्हशींसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाला परवानगी देण्याआधी ते मृतभक्षक पक्ष्यांना सुरक्षित आहे हे उत्पादकाने दाखवावे. यामुळे औषधे महागतील, उशीर होईल, दुर्मीळ पक्ष्यांवर प्रयोग कसे करणार, असे म्हटले जाईल. मेलॉक्सिकॅमची चाचणी आधी आफ्रिकेतल्या जवळच्या जातीच्या गिधाडांवर झाली आणि नंतरच आशियाई पक्ष्यांवर. म्हणजे मार्ग आहे आणि तो काही वर्षांत पार होतो. त्याउलट हरियाणातल्या पिंजोर इथे २००१मध्ये गिधाडांसाठी केंद्र सुरू झाले, तिथे वाढवलेली गिधाडे २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, आणि हे मूठभर पक्षी तयार व्हायला दोन दशके लागली. चाचणीचा खर्च या खर्चापुढे काहीच नाही.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट मात्र गोठ्यातच करता येते. जनावराला वेदनाशामक द्यायची वेळ आली की पशुवैद्याला औषधाचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅमच द्या असे सांगा.