‘स्ट्राँग’ म्हणजे किती आणि कशासाठी?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारतींचा पुनर्विकास गल्लोगल्ली चालू आहे. बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर आणि सोसायटीच्या सभेत वाटल्या जाणाऱ्या ब्रोशरमध्ये ठरावीक इंग्रजी विशेषणं दिसतात: प्रीमियम, लक्झुरियस, वर्ल्ड क्लास. हार्डवेअरच्या दुकानात शिरलं की एक्स्ट्रा स्ट्राँग, हेवी ड्यूटी, अल्ट्रा, मरीन. उपनगरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी या शब्दांच्या भरवशावर लागते. म्हणून त्यातला कोणता शब्द मोजता येतो आणि कोणता येत नाही, हे प्रत्येक घर घेणाऱ्याला कळायला हवं.

मोजता येणाऱ्या शब्दांचं घर आपल्या उपनगरातच आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या एमआयडीसीत ‘मानकालय’ नावाची इमारत आहे. ती भारतीय मानक ब्यूरोची. १९४७ साली भारतीय मानक संस्था (आयएसआय) स्थापन झाली, १९८७ मध्ये तिचं रूपांतर ब्यूरोत झालं, पण मालावरची खूण ‘आयएसआय’ म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिली. त्या खुणेसोबत मानकाचा आणि परवान्याचा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर परवाना क्रमांक टाकला की तो खरा आहे का, हे तिथल्या तिथे कळतं.

गोणीवरचा ५३

सिमेंटच्या गोणीवर ३३, ४३ किंवा ५३ ग्रेड छापलेली असते. सिमेंट आणि प्रमाणित वाळूचा ठोकळा करून २८ दिवस पाण्यात मुरवतात आणि यंत्राखाली दाबतात. दर चौरस मिलिमीटरला तो किमान किती न्यूटन दाब सोसतो, तो हा आकडा. त्यामुळे ५३ सगळ्यात भारी आणि तेच सगळीकडे वापरावं, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ५३ ग्रेड लवकर ताकद धरते आणि तेव्हा उष्णताही जास्त सोडते. प्लास्टरला ती वापरून पाणी मारण्यात हयगय केली, तर भिंतीला बारीक तडे जातात. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही छापलेलं असतं. पावसाळी दमट हवेत सिमेंट ओल धरतं. तीन महिन्यांहून जुना माल पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये.

काँक्रीटचं मोजमाप वेगळं. एम ३० मधला ‘एम’ म्हणजे मिश्रण आणि ३० म्हणजे २८ दिवसांनंतरची ताकद. ओतकाम चालू असतानाच त्या मालातून १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवतात. एम ३० चा असा एक ठोकळा फुटण्याआधी सुमारे ६९ टनांचा भार पेलतो. या चाचण्यांचे अहवाल तयार होतात. सोसायटीने ते मागून घ्यावेत. खाऱ्या हवेत तर हे फारच महत्त्वाचं. सळई गंजून फुगली की स्लॅबचे पापुद्रे सुटतात, हे जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी डोक्यावर पाहिलेलं आहे. म्हणून आयएस ४५६ हे मानक हवामानाची तीव्रता पाहून काँक्रीटची किमान ग्रेड आणि सळईवरच्या आच्छादनाची जाडी ठरवून देतं. तीव्र परिस्थितीसाठी ग्रेड एम ३० आणि आच्छादन ४५ मिलिमीटर आहे.

ताठ सळई, लवचीक सळई

सळईवर ‘एफई ५००डी’ असं उमटवलेलं असतं. ५०० हा ताण सोसण्याचा आकडा आणि ‘डी’ लवचीकतेचा. मानकानुसार साधी ५०० ची सळई तुटण्याआधी किमान १२ टक्के ताणली जावी लागते, ५००डी किमान १६ टक्के. भूकंपात इमारतीला हेलकावा बसतो तेव्हा हे ताणलं जाणंच जीव वाचवतं. नुसता मोठा आकडा म्हणजे चांगली सळई नव्हे. ‘स्ट्राँग’ म्हटल्यावर विचारायचं ते हे: किती, आणि कशासाठी?

प्लायवूडमध्येही तेच. आयएस ३०३ चा ‘एमआर’ दर्जा दमट हवा सोसतो, पण सतत पाणी नाही. आयएस ७१० चं मरीन प्लाय उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून पारखतात. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कोणतं लावायचं, हे दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर सोडू नका. फळीवरचा शिक्का वाचा.

‘सुपर’ने वाढलेली जागा

एका विशेषणाने तर जागेचा आकारच फुगवला. ‘सुपर बिल्ट-अप’मध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही धरला जाई. समजा, कार्पेट ५०० चौरस फुटांचं आहे. त्यावर ४० टक्के चढवले की कागदावर ७०० होतात. घरात मात्र पलंग ५०० मध्येच मावेल असा घ्यावा लागतो. २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की केली: वापरता येणारी जागा, आतल्या भिंतींसह, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो विकसकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

‘लक्झुरियस’ला मात्र कोणतंच मानक नाही. ‘वर्ल्ड क्लास’ची प्रयोगशाळा नाही. हे शब्द करारात आले, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत होते आणि भांडायला हाती काही उरत नाही. ‘प्रीमियम फिटिंग’ऐवजी कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, ‘हायस्पीड लिफ्ट’ऐवजी सेकंदाला किती मीटर ते लिहून घ्या, ‘उत्तम काँक्रीट’ऐवजी ग्रेड लिहून घ्या.

हे एकट्याने जमत नाही, संघटित होऊन जमतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्र खरेदी करणाऱ्या शेजाऱ्यांच्या संघांतून हाच धडा मुंबईकरांना दिला. पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत सभासदांच्या सभेला आणि सल्लागाराच्या नेमणुकीला स्थान आहे. पुढच्या सभेत ब्रोशर हातात पडेल तेव्हा प्रत्येक भारदस्त विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारा, त्याचा आकडा मागा आणि तो करारात आल्याशिवाय सही करू नका.