ऐतिहासिक युद्धवाहने आणि आयातीचे निर्बंध

जुन्या नाण्यांचा संग्राहक आणि जुन्या रणगाड्यांचा संग्राहक यांत कायद्याच्या दृष्टीने एक मूलभूत भेद आहे. नाणे चलनातून गेले की ते केवळ पुराणवस्तू उरते; रणगाडा सैन्यातून निवृत्त होऊन गंजला, तरी कायद्याच्या लेखी तो दीर्घकाळ युद्धसामग्रीच राहतो. या भेदाचे परिणाम कोठवर जातात, हे अमेरिकेच्या आयातविषयक नियमांवरून चांगले दिसते.

तेथील १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण अधिनियमाच्या नावात केवळ निर्यात असली, तरी युद्धसामग्रीच्या आयातीचे नियमनही त्याच अधिनियमाखाली होते. परवान्याविना आणता न येणाऱ्या वस्तूंची एक यादी असून तिचा सातवा वर्ग रणगाडे व सैनिकी वाहने यांचा आहे. रणगाडे, चिलखती गाड्या, पुढे चाके व मागे साखळपट्टे असणारी हाफ-ट्रॅक वाहने ही तर त्यात आहेतच. शिवाय शस्त्र बसविण्याची सोय ज्यांत मुळातच केलेली आहे किंवा मागाहून केली आहे, अशी वाहनेही त्यात मोडतात. म्हणजे तोफ काढून टाकल्याने प्रश्न मिटत नाही. रचनेचा हेतू काय होता, हे पाहिले जाते.

येथे वयाचा विचार उद्बोधक ठरतो. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या मानकांतून २५ वर्षांहून जुन्या मोटारीला अमेरिकेत आयातीच्या वेळी सूट मिळते. धूरविषयक नियमांत, मूळ स्वरूप कायम असेल तर, २१ वर्षांनी. बंदूक ५० वर्षांची झाली की ‘दुर्मिळ व ऐतिहासिक वस्तू’ या वेगळ्या वर्गात बसू शकते. युद्धवाहनांच्या वर्गाला मात्र अशी कालमर्यादा नाही. एकच हाफ-ट्रॅक मोटार या नात्याने म्हातारे आणि युद्धसामग्री या नात्याने चिरतरुण, अशी ही गंमत आहे.

तथापि संग्राहकाची खरी अडचण याहून निराळी आहे. अमेरिकेत बनलेली जी युद्धसामग्री सरकारी साहाय्य अथवा विक्री योजनेखाली परराष्ट्रांच्या सरकारांना देण्यात आली, ती काही अपवाद वगळता परत देशात आणण्यास मनाई आहे. आता एकाच कारखान्यातून १९४३ साली बाहेर पडलेली दोन एम-३ हाफ-ट्रॅक वाहने कल्पावीत. पहिले अमेरिकी सेनेबरोबर युरोपात गेले आणि युद्धानंतर शिल्लक माल म्हणून एका खाजगी गिऱ्हाइकास विकले गेले. दुसरे १९४९ च्या परस्पर संरक्षण साहाय्य अधिनियमाखाली एखाद्या युरोपीय सेनेस मिळाले व कित्येक वर्षांनी भंगारात निघाले. लोखंड तेच, बनावट तीच; पण मनाई दुसऱ्यावर येते. वाहन काय करू शकते यापेक्षा ते देशाबाहेर कोणत्या वाटेने गेले, हा प्रश्न निर्णायक होतो.

ही वाट सिद्ध करावयाची कशी? लष्करी कर्मशाळांत वाहनांचे सुटे भाग एकमेकांत मिसळले, नोंदपट्ट्या बदलल्या, क्रमांकांवर नवे रंग चढले. क्वचित वाहनाची जातच साक्ष देते: इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने बांधलेली एम-५ वाहने बहुतांशी लेंड-लीज योजनेखाली दोस्त राष्ट्रांकडेच गेली. पण अशी साक्ष संग्राहकाच्या उपयोगी पडण्याऐवजी त्याच्याविरुद्धच जाण्याचा संभव अधिक. ‘हे वाहन साहाय्य म्हणून दिलेले नव्हते’ असे नास्तिपक्षी विधान सिद्ध करणे किती दुष्कर असते, हे दप्तरखान्यांत काम केलेल्यांना सांगावयास नको.

आपल्याकडील एक उदाहरण घ्यावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा आहे. पाकिस्तानला पॅटन मिळाले ते अमेरिकेच्या लष्करी साहाय्यातून. आपल्या दृष्टीने ते विजयचिन्ह; वरील नियमाच्या दृष्टीने मात्र त्याच्या जन्मपत्रिकेतील ठळक गोष्ट युद्धातील पराभव नसून ते दान हीच ठरेल.

नियमाचा हेतू अनाकलनीय नाही. साहाय्य म्हणून मिळालेली शस्त्रे घेणाऱ्याने दात्याच्याच बाजारात विकून नफा करू नये, हे रास्तच आहे. परंतु तो नफा करू शकणारी सेना ते वाहन भंगारवाल्यास देऊन कधीच मोकळी झालेली असते. दशकांनंतर निर्बंध येऊन पडतो तो ज्याने ते शेतातील झुडपांतून ओढून काढले, त्या तिऱ्हाईतावर. आणि परवाना न मिळाल्यास ते बहुधा जेथे होते तेथेच गंजत राहते.